चार खांब आणि चंद्रकला काकूंचं वजन

"वादळ येवो नाहीतर वादळाचा बाप येवो, हा मांडव जागचा हलणार नाही!"

हे वाक्य मी गच्चीवर उभी राहून, कडेवर गार्गीला घेऊन, अख्ख्या प्रताप नगरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं होतं. म्हणून तर आता आमच्या गल्लीत मला कुणी प्रीती म्हणत नाही. वादळाची आई म्हणतात!

गार्गी झोपली आहे तोवर सांगून टाकते. उठली की तिचंच राज्य.

तर, गार्गीचा पहिला वाढदिवस मे महिन्यात. आता नागपूरच्या मे महिन्याबद्दल मी काय सांगावं! दुपारी गच्चीवर पापड वाळत घातला तर भाजूनच खाली येतो. म्हणून कार्यक्रम संध्याकाळी, आणि उन्हाची तिरीप अडवायला हिरव्या जाळीचा मांडव. तो कुणी करायचा? अर्थात मी! बाळंतपणाआधी मी सुशील सरांच्या ऑफिसात हेच काम करत होते. होर्डिंग, टाकी, सोलरचे पत्रे, गच्चीवरची छपरं, कुणी किती वारा सोसायचा याचा हिशेब. वाऱ्याचाही नियम असतो बरं का! नागपुरात वारा सेकंदाला चव्वेचाळीस मीटर धरायचा, म्हणजे ताशी दीडशेच्या वर. भूपेश, म्हणजे माझा नवरा, हिंगण्याहून मोटारसायकलवर घरी येताना याच्या निम्म्यानेही येत नाही.

आणि या मांडवाकडे नुसता मांडव म्हणून बघू नका. मला कामावर परत जायचं होतं. सर फोनवर म्हणाले होते, "प्रीती, मुलगी लहान आहे, साइटवर चढउतार असते. जमेल तुला? वाढदिवसाला येतोच आहे, बोलू." म्हणजे ती माझी परीक्षाच होती, आणि पेपर मी गच्चीवर बांधणार होते!

पहिली अडचण सासरे. खांब स्लॅबमध्ये बोल्टने पक्के करते म्हटलं, तर बाबांनी हातातला चहा खाली ठेवला.

"स्लॅबले भोक? पावसात पोरीच्या पाळण्यात तळं होईल ना वं! मी असेपर्यंत एक भोक पडणार नाही!"

ठीक. मग रंगाच्या चार रिकाम्या बादल्यांत काँक्रीट भरलं आणि त्यात खांब उभे केले. वर जाळी. जाळीतून निम्मा वारा निघून जातो. आणि जाळी बांधली कच्च्या सुतळीने. मुद्दाम! घरात फ्यूज असतो ना, तशी. जोराचा वारा आला की आधी सुतळी तुटणार, जाळी उडणार, खांब जागेवर. काय डोकं, नाही का? मी स्वतःवरच खूश होते. फक्त हे डोकं घरात कुणाला समजावून सांगायचं राहिलं.

वाढदिवसाच्या दुपारी मी गार्गीला निजवता निजवता स्वतःच निजले. उठून गच्चीवर गेले तर मांडवाची खोली झालेली! वर आणि तीन बाजूंना जाड पासोड्या ताणून बांधलेल्या. मधे सासूबाई, हात झटकत.

"आई! हे काय?"

"जाळीतून ऊन येऊन राहिलं होतं ना! लेकराले लागलं असतं. अन् काहून वं, थे सुतळी काय बांधली होती? एका बोटानं तुटली. लोक म्हणतील, इंजिनिअर सुनेले गाठ मारता येत नाही! म्या साऱ्या पक्क्या बांधल्या."

सासूबाईंचं माहेर-सासर दोन्ही उमरेडचं, दोन्हीकडे हातमाग. त्यांची गाठ म्हणजे मागावरची गाठ. ताण पडला की आणखी घट्ट! तीही पासोडीच्या दशांनीच मारलेली.

"आई, ही सोडावी लागेल. वारा आला तर..."

"कुठं हाये वारा? पान हालून राहिलं का?"

पान हलत नव्हतं. मी आकाशाकडे पाहिलं. कळमेश्वरच्या बाजूला आभाळ वांग्याच्या रंगाचं झालं होतं.

पहिली झुळूक आली तेव्हा शेजारच्या चंद्रकला काकू नुकत्या वर पोचल्या होत्या. दुसऱ्या झुळकेला मांडवाने पोट फुगवलं. तिसऱ्या झुळकेला एक बादली, काँक्रीटसकट, टुणकन उठली आणि परत बसली. गार्गी टाळ्या पिटायला लागली!

"भूपेश, तो खांब धर! बाबा, तुम्ही हा! काकू, तुमचं वजन किती?"

"बाप्पा!" काकू दोन पावलं मागे सरल्या. "बाईले वजन विचारते का वं? थेही केक खायच्या आधी?"

"काकू, हिशेब करायचाय! मांडव उडेल!"

"पंचावन्न."

मी काकूंकडे पाहिलं. वाऱ्यानेही क्षणभर थांबून पाहिलं असावं.

"काकू, तुम्ही पंचावन्न असाल तर मांडव गेला!"

"बरं मंग... पुढं थोडं धर."

काकूंनी तिसऱ्या खांबाला मिठी मारली. त्या खांबाची चिंता तिथेच मिटली. पण चौथा मोकळा होता, माझ्या कडेवर गार्गी होती, आणि तेवढ्यात जिन्यातून सुशील सर वर आले. हातात भलंमोठं टेडी.

"वा! खेळ सुरू झाले वाटतं?"

"सर, चौथा खांब पकडा!"

"बक्षीस काय आहे?" असं ते हसत हसत म्हणाले आणि त्यांनी खांब धरला. मग खांबाने त्यांना धरलं! टेडी निघालं सोनेगावच्या दिशेने, आणि सरांचा चेहरा परीक्षकाचा न राहता परीक्षार्थीचा झाला.

"कात्री आणा!" भूपेश ओरडला.

"खबरदार!" सासूबाई. "माह्या सासूनं विणलेल्या पासोड्या हायेत! मी सोडतो गाठी."

पण गाठ सुटेना. वारा ओढतोय, गाठ आवळतेय.

"सूत सैल पडल्याबिगर नाही सुटत ना वं हे!"

सैल! मला तेवढंच हवं होतं.

"आई, वारा येतो ती बाजू आधी! भूपेश, सर, मी 'आता' म्हटलं की तुमचे खांब आत झुकवा. दोन खांब जवळ आले की पासोडी ढिली पडेल. काकू, तुम्ही हलू नका. तुमच्यावर सगळं उभं आहे! थांबा... थांबा... आता!"

सर आणि भूपेश वाकले. सासूबाईंची बोटं अशी चालली की मला ती दिसलीच नाहीत. एक गाठ. पुन्हा "आता!" दुसरी. मग वाऱ्याकडची पासोडी खाली आली, तिच्या समोरची बाजू उघडीच होती, वारा आडोसाच नाही म्हटल्यावर सरळ आरपार निघून गेला, आणि चारही बादल्या शहाण्या मुलांसारख्या जमिनीवर बसल्या. गार्गीने निराश होऊन भोकाड पसरलं. तिला खेळ हवा होता.

वादळ गेल्यावर आलूबोंडे वाटले. धुळीची कचकच लागत होती, तरी सगळ्यांनी खाल्ले. सरांच्या केसांत अर्धा विदर्भ होता. ते बादलीवर बसून म्हणाले, "किती वजन कमी पडत होतं?"

"सर, चूक माझीच. जाळीचा हिशेब जाळीपुरता बरोबर होता. सुतळी का कच्ची, ते आईंना सांगायला हवं होतं."

"चांगली सून हाये हो साहेब," सासूबाई मधेच म्हणाल्या. "फक्त बोलत नाही."

सर काही बोलणार, तोच त्यांचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्यांचा आलूबोंडा हातातच राहिला.

"काय? आपला बोर्ड? पूर्ण? रसवंतीच्या छपरावर?... लागलं नाही ना कुणाला?"

वाऱ्याच्या भाराचे सल्लागार असं ज्या बोर्डावर लिहिलं होतं, तोच बोर्ड वारा घेऊन गेला होता!

सरांनी फोन खिशात घातला. उरलेला आलूबोंडा संपवला.

"सोमवारी ये," ते म्हणाले. "पहिलं काम ऑफिसातलंच आहे. आणि गार्गीलाही आणत जा. वाऱ्याला भीत नाही ती."

तर सोमवारपासून मी जाते आहे. नवा बोर्ड लागलाय, बोल्टसकट. सरांना त्या मांडवाचाही नीट हिशेब हवाय, नव्या मुलांना शिकवायला. बाकीच्या तीन खांबांवरची वजनं लिहून झाली आहेत. तिसऱ्या खांबापुढे मात्र अजून कोरंच आहे. कारण चंद्रकला काकू आता मला जिन्यात बघितलं की पोट आत घेतात आणि म्हणतात, "पंचावन्नच लिही वं!"