वायरीची मूळ लांबी

आमच्या कार्यालयात जमिनीपासून वीतभराहून उंच कोणी बसत नाही. बाहेरच्यांना हे सुरुवातीला विचित्र वाटतं. पण त्यामागे रीतसर कारण आहे, आणि मी इथला हेडक्लार्क असल्यामुळे ते मला तोंडपाठ आहे. ऐकून घ्या, मधे बोलू नका.

वरिष्ठ कार्यालयाने मध्यंतरी 'कर्मचारी ताणमुक्ती उपक्रम' काढला. आम्हाला ताण आहे हे त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. प्रत्येक शाखेला एकेक व्हिडिओ गेम आला. आपल्या लहानपणी असायचा तसाच, फक्त आकार साबणाच्या वडीएवढा. खेळ आतच भरलेले. टीव्हीला जोडायचा की झालं. खोक्यावर 'तीनशे खेळ' असं छापलं होतं. आम्ही तपासलं. एकच चौकोनी बेडूक सात विहिरींवरून उड्या मारत होता, त्याचे रंग तेवढे तीनशे. खात्यात केस पांढरे केलेल्या आम्हा मंडळींना त्यात वावगं काही दिसलं नाही.

टीव्ही साहेबांच्या दालनात, समोरच्या भिंतीशी. गेम त्याच्याखालच्या फळीवर ठेवला, तेव्हा लक्षात आलं की जॉयस्टिकची वायर जेमतेम हातभर आहे. साहेबांच्या खुर्चीपर्यंत ती काही केल्या पोचेना. साहेब थोडा वेळ घुटमळले आणि सरळ टीव्हीसमोर फतकल मारून बसले.

लांब वायर आणायची होती, असं तुमच्या मनात आलं असणार. फार शहाणे आहात. आमच्याही मनात आलं होतं. पण वायर ही खेळण्याचा भाग, आणि कार्यालयाला खेळणी खरेदी करता येत नाहीत. शिवाय साहेब म्हणाले, "लहानपणी एवढीच असायची हो. आई ओरडायची, टीव्हीत घुसतोस की काय म्हणून. ही मूळ लांबी आहे. ती वाढवली तर मजा काय राहिली?" बोलताना त्यांचे डोळे पाणावले. डोळे पाणावलेल्या अधिकाऱ्याशी वाद घालायची तरतूद नियमांत नाही.

आता साहेब जमिनीवर म्हटल्यावर डेप्युटी खुर्चीवर कसे बसणार? तेही खाली आले. डेप्युटी खाली, मग मी कोण लागून गेलो? मग टंकलेखक, मग शिपाई. टेबलं मात्र डोक्यावर राहिली. फर्निचर दुरुस्तीला तरतूद असते, म्हणून सुतार बोलावला.

"सगळ्यांचेच पाय कापू?" त्याने विचारलं.

"साहेबांची खुर्ची सोडून," मी म्हटलं. तिच्यावर आता कोणी बसत नाही, पण रिकाम्या खुर्चीचाही मान राखावाच लागतो.

मग जनतेची खिडकी खाली घेतली. खरं सांगतो, त्या दिवशी मी दाराला आतून कडी लावून ठेवली होती. वाटलं, आज लोक दगड मारणार. कसचं काय! पहिल्या दिवशी दोघे-चौघे पुटपुटले, दुसऱ्या दिवशी ओणवे झाले, आणि आठवडाभरात घरून चटया घेऊन यायला लागले. एका गृहस्थाने तर मला थांबवून सांगितलं, "बरं केलंत, कंबर मोकळी होते."

सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात त्या भूगोलाच्या बाई आल्या.

शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना हयातीचा दाखला हवा होता, आणि मुदतीचा तो शेवटचा दिवस. संध्याकाळपर्यंत साहेबांची सही झाली नाही, तर दुसऱ्या दिवसापासून त्या कागदोपत्री मयत आणि पेन्शन बंद. घरात त्यांच्या पेन्शनवर त्या आणि अंथरुणाला खिळलेली त्यांची बहीण. म्हणून मीच त्यांना दालनात नेलं, मला काही काळीज नाही असं समजू नका.

दालनात चटयांवर रांग होतीच. सातवी विहीर पार झाली की साहेब सह्या करतात. बाई काठी टेकून उभ्याच राहिल्या.

"बसा," मी म्हटलं.

"गुडघे बदललेत माझे दोन्ही. खाली बसले तर उठवायला चार माणसं लागतील. डॉक्टरांनी साफ मनाई केली आहे."

साहेब पाचव्या विहिरीवर होते. पडद्यावरची नजर न हटवता त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. तिथून त्यांना बाईंचे गुडघेच तेवढे दिसत होते.

"अर्जदाराचा दिसणारा भाग कोणता?" साहेबांनी विचारलं.

"गुडघे, साहेब," डेप्युटी म्हणाले. "पण ते कृत्रिम आहेत."

"मग मी कशाची हयाती प्रमाणित करू? कारखान्याची?"

"अहो, मान वर करा की जरा!" बाई म्हणाल्या.

"सहावी विहीर आहे, बाई. मान वर केली तर बेडूक पडेल. पडला की परत पहिलीपासून."

बाईंनी वायरीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. मग शाळेत विचारावं तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "एवढी सगळी माणसं जमिनीवर आणलीत, त्यापेक्षा एक लांब वायर का नाही आणली?"

डेप्युटी छताकडे बघायला लागले, आणि मी डेप्युटींकडे. बाई तोंड दाखवायला म्हणून वाकत पुढे झाल्या, तोच काठी वायरीत अडकली. गेम धाडकन खाली पडला आणि पडदा काळा झाला. बेडूक तेव्हा सातव्या विहिरीच्या काठावर होता.

साहेबांनी तीन महिन्यांत पहिल्यांदा मान वर केली. "कोण आहे ही बाई?" ते कडाडले.

"मीच ती अर्जदार. दिसले ना? जिवंत आहे ना? तेवढं लिहून द्या."

प्रामाणिकपणे सांगतो, साहेबांचा हात पेनाकडे गेला होता. सही झाली असती. पण तेवढ्यात रांग भडकली.

"काय केलंत हो हे! आता पुन्हा पहिल्या विहिरीपासून सुरू होणार!"

"आम्ही सकाळपासून बसलोय ते मूर्ख म्हणून?"

"सगळे बसतात मुकाट्याने. यांनाच तेवढे गुडघे आहेत!"

जनतेच्या भावना तीव्र आहेत हे पाहून साहेबांनी पेन खाली ठेवलं. लोकांनीच बाईंना दारापर्यंत नेऊन सोडलं. आम्ही कुणी बोटही लावलं नाही. संध्याकाळी मुदत संपली, आणि सकाळी मी नियमाप्रमाणे त्यांच्या नावापुढे 'मयत' लिहिलं. अक्षर मात्र सुवाच्य काढलं, खोटं कशाला बोलू?

गुडघ्यांबद्दल बोलला तो माणूस निळ्या चटईवर बसला होता. चेहरा नीट आठवत नाही. आम्हाला हल्ली चेहरे दिसतात कुठे?

असो. तुमचं काय काम होतं? साहेब आत्ताच दुसऱ्या विहिरीवर गेलेत, वेळ लागेल. तुम्ही असं करा...

अरे वा! मी सांगायच्या आत बसलातसुद्धा. चटई छान आहे तुमची. निळी.