अक्सोरियसचं दुखणं

बायकोला पत्र टाकायचं, एवढंच श्यामकांतने ठरवलं होतं. आता यात त्या बिचाऱ्याचं चुकलं काय? सुनेत्रा माहेरी जाऊन बावीस दिवस झाले होते. माहेर वांगणीला, हा राहायला बदलापुरात. मध्ये एकसुद्धा स्टेशन नाही. पण भावजयीच्या बाळंतपणाला गेलेल्या बायकोमागे जावई सारखा यायला लागला, तर गाव नावं ठेवतं. एका रविवारी तो धीर करून गेला होताच. सासऱ्यांनी, म्हणजे महिपतींनी, त्याला ओट्यावर खुर्ची दिली आणि बैलाच्या खुरांवर दोन तास बोलले. सुनेत्राचा फक्त चहा देणारा हात दिसला. (हात छानच होता, पण तेवढ्याने काय होतंय?)

इकडे घर खायला उठलं होतं. श्यामकांत अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात क्लार्क. जवळच्या कॅम्प पाच वस्तीतल्या रद्दीवाल्याकडून त्याने एक बिनकव्हरची इंग्रजी डिक्शनरी आणली होती आणि रोज जेवताना तो सुनेत्राला एक नवा शब्द ऐकवायचा. ती जायच्या आदल्या दिवशीचा शब्द होता ‘अक्सोरियस’. लॅटिनमध्ये ‘उक्सोर’ म्हणजे बायको. त्यावरून अक्सोरियस, बायकोवर प्रमाणाबाहेर जीव टाकणारा. श्यामकांत हरखूनच गेला. आपल्याकडे अशा माणसाला बाईलवेडा म्हणून मोकळे होतात. इथे नावापुढे लावावी अशी डिग्री! शब्द त्याने खडीसाखरेसारखा गालात धरला. दाढी करताना अक्सोरियस, मस्टरवर सही करताना अक्सोरियस. "पुरे आता, भात निवतोय," म्हणून सुनेत्रा हसली होती. ते हसणं आठवलं की एकट्याने जेवताना घास उतरत नसे.

पण पत्रात हे लिहायचं कसं? वांगणीला पत्र आलं की पोस्टमन दौलतराव ओट्यावर बसून ते मोठ्याने वाचून दाखवत. ऐकायला घरचे होतेच, वर शेजारपाजार. तेव्हा वडीलधाऱ्यांना साष्टांग नमस्कार वगैरे झाल्यावर त्याने शेवटी लिहिलं, ‘सौ. सुनेत्रास सांगणे की, मी भयंकर अक्सोरियस झालो आहे. झोप नाही, अन्न गोड लागत नाही.’ आपल्या हुशारीवर खूश होऊन त्याने पत्र पेटीत टाकलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. श्यामकांत धावला. दारात महिपती आणि सासूबाई कौसाबाई, सोबत तांदळाचं गाठोडं, एक जिवंत कोंबडी आणि काढ्याच्या मुळ्या. त्याने त्यांच्या मागे पाहिलं, मग जिन्यात वाकून पाहिलं. सुनेत्रा नव्हती.

सासूबाईंनी त्याला आधी आडवं केलं, वर गोधडी टाकली आणि मग हकीकत सांगितली. दौलतरावांनी तो शब्द दोनदा वाचला आणि टोपी काढली. एवढं मोठं नाव म्हणजे रोग साधा नव्हे. महिपतींनी लेकीला विचारलं, हा कसला आजार? सुनेत्राला अर्थ पाठ होता. पण बापापुढे, साऱ्या आळीपुढे ‘नवरा माझ्यासाठी वेडा झालाय’ हे कुठल्या तोंडाने सांगणार? ती लाल झाली, तोंडाला पदर लावून आत पळाली. सगळ्यांना वाटलं, रडतेय. म्हणजे जावयाचं काही खरं नाही.

"मग तिला का नाही आणलं?" श्यामकांतने गोधडीतून विचारलं. आवाज कापला, तो खरोखरचा.

"लय बोललो, चल म्हणून. बाळंतिनीला शेजारीन बघली असती. पन तीच नको बोलली," कौसाबाई म्हणाल्या. "बोलली, मी गेली तर त्यांचं दुखनं आनखी वाढंल."

श्यामकांतच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोचलं होतं तर! ओटाभर माणसांसमोर तिने उत्तर दिलं होतं, आणि ते फक्त त्याच्यासाठी होतं. त्याचा जीव इतका सुखावला की तो एकटाच हसायला लागला, आणि ते हसू काही केल्या आवरेना.

कौसाबाईंनी त्याच्या कपाळाला हात लावला आणि महिपतींना सांगितलं, की ताप डोक्यात गेलाय, आता महिनाभर आपल्याला इथून हलता यायचं नाही. तिकडचं घर सांभाळायला सुनेत्रा आहेच.