आडनावाचा सहावा फर्मा

हेडमास्तरांनी छापील कागदांचे सहा गठ्ठे टेबलावर ठेवले, तेव्हाच बाइंडरच्या पोटात दुखायला लागलं. हेडमास्तर म्हणजे त्याचे चुलत चुलत भाऊ, चार वर्षांनी मोठे. दोघांचे आजोबा सख्खे भाऊ. लहानपणापासून बक्षीस मिळायचं ते दादाला, आणि बाइंडरला मिळायचं ते दादाचं उदाहरण. आता निवृत्त झाल्यावर माणसाने गप्प घरी बसावं की नाही? तर यांनी चार वर्षं खपून घराण्याच्या आडनावाचा इतिहास लिहिला आणि छापूनसुद्धा आणला. आडनाव इथे मुद्दामच सांगत नाही. सांगितलं तर उद्या आणखी चार जण हक्क सांगत दारात उभे राहतील.

"एकसष्ट घरं शोधून काढली," हेडमास्तर म्हणाले. "एकसष्टच प्रती. रविवारी सगळे हॉलमध्ये जमणार आहेत, तेव्हा वाटायच्या. फक्त छापखान्याकडून पानांचे आकडे राहिलेत. तू वाचून क्रम लाव."

"म्हणजे वाचावं लागणार?"

"घरचाच इतिहास आहे. वाचलास म्हणून काही बिघडणार नाही."

आणि तिथेच बिघडलं.

सोळा पानांची एक घडी म्हणजे एक फर्मा. असे सहा फर्मे ओळीने शिवले की पुस्तक तयार. पहिल्या फर्म्यात आडनाव कसं पडलं ते होतं. पणजोबा नदीवर होडी चालवायचे. लोक होडीवरूनच त्यांना हाक मारायचे, ती हाक कागदावर चढली आणि पाच मुलांबरोबर पाच दिशांना गेली. थोरला मुलगा म्हणजे हेडमास्तरांचे आजोबा. त्यांना अख्खा दुसरा फर्मा दिलेला. तो बाइंडरने वाचलाच नाही. दादाच्या आजोबांचं कौतुक सोळा पानं वाचायला तो काही वेडा नव्हता. स्वतःच्या आजोबांना शोधत तो थेट सहाव्या फर्म्याच्या शेवटच्या पानावर पोचला. तिथे लिहिलं होतं, 'धाकटा मुलगा. याच्याविषयी विशेष माहिती मिळत नाही. एवढंच ठाऊक आहे की तो होता.'

"तो होता," बाइंडर बायकोला म्हणाला. "माझ्या आजोबांविषयी एवढंच. होता."

"मग होतेच की," बायको म्हणाली. "खोटं काय लिहिलंय त्यात?"

बाइंडरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्याच हाताने शिवायचं, आणि माझ्याच आजोबांना मागच्या पुठ्ठ्याला चिकटवायचं? पानांना आकडे नाहीत, विचारणारं कोणी नाही. त्याने सहावा फर्मा उचलला आणि पहिल्याच्या मागे ठेवला. पणजोबांनंतर आता आपले आजोबा, आणि दादाच्या आजोबांची सोळा पानं त्यांच्यानंतर. मग त्याने एकसष्टच्या एकसष्ट प्रती तशाच शिवल्या. इतकं मन लावून त्याने कित्येक वर्षांत काम केलं नव्हतं.

हेडमास्तरांनी प्रत उघडून पाहिली नाही. स्वतःचं छापलेलं वाचलं की चुका दिसतात, म्हणून ते पुठ्ठ्यावरूनच हात फिरवून खूश झाले.

रविवारी प्रती वाटून अर्धा तास झाला नसेल, तोच लांबच्या एका घराची सून बाइंडरजवळ आली. "तुम्ही धाकट्यांचे नातू ना? ते तुरुंगात गेलेले?"

"कोण तुरुंगात गेलं?" बायकोने त्याच्या हातातली प्रत ओढून घेतली आणि वाचायला लागली. "एवढंच ठाऊक आहे की तो होता." तिची नजर समोरच्या पानावर गेली. "होडी घेऊन पळाला. पाठलागावर आलेल्या पोलीस अधिकाऱ्याला त्याने भर नदीत ढकललं, मग स्वतःच हात देऊन बाहेर काढलं, सहा महिने तुरुंगात बसला आणि सुटला तो जेलरच्या मुलीशी लग्न ठरवूनच." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, मला लग्नाआधी का नाही सांगितलं हे?"

बाइंडरने घाईघाईने मागची पानं चाळली. पहिल्या फर्म्याच्या शेवटी होतं, 'थोरला मुलगा नेमस्त आणि वक्तशीर. आयुष्यात एकदाच', आणि समोरच्या पानावर चौथ्या मुलाच्या हकिकतीतलं शेपूट, 'सर्दी झाली, पण तीही दोन दिवसांत गेली.'

आता आपली छी थू होणार, असं समजून तो दाराकडे सरकू लागला. पण लोकांनी त्याला घेरलंच. एकाने त्याच्याबरोबर फोटो काढला. एक म्हातारे गृहस्थ त्याचं नाक निरखून म्हणाले, "अगदी तेच नाक." त्यांनी ते मूळ नाक कुठे पाहिलं होतं, देव जाणे. बायकोसुद्धा भोवतीच्या बायकांना सांगत होती, "यांचाही स्वभाव तसाच आहे हो, आवरावं लागतं." हेडमास्तर पाण्याच्या पिंपाजवळ एकटे उभे होते. सर्दी झालेल्या माणसाच्या नातवाशी कोण बोलणार?

शेवटी त्यांनी माइक हातात घेतला. "पुस्तकात फर्म्यांची अदलाबदल झाली आहे. होडी पळवणारे माझे आजोबा. तुरुंग आमचा आहे."

हॉलमध्ये कुजबुज झाली. मग नाकवाले गृहस्थ मायेने म्हणाले, "मास्तर, इतकं जळू नये माणसाने."

सगळे हसले. बाइंडरला मात्र हसू येईना. ज्या सुखासाठी तो जन्मभर तळमळला ते समोर वाढून ठेवलं होतं, आणि घास घशाखाली जात नव्हता. शिवाय खरा चोरसुद्धा दादाच्याच वाट्याला यावा, हे आतून झोंबत होतं ते वेगळंच.

सोमवारी सकाळी हेडमास्तर आपली प्रत घेऊन दुकानात आले. "एकसष्ट वेळा चुकून होत नाही हे," ते म्हणाले. "तो तुरुंग छापावा की नाही, यावर मी तीन महिने विचार केला होता. लोक नावं ठेवतील म्हणून."

"चुकलंच माझं, दादा," बाइंडर खाली मान घालून म्हणाला. "पण 'होता' एवढंच लिहिलंस तू."

"तुला विचारायला दोनदा आलो होतो. दोन्ही वेळा तू आतून 'घरी नाही' म्हणून सांगितलंस."

बाइंडरने प्रत घेतली, टाके उसवले आणि सहावा फर्मा शेवटी लावून पुस्तक पुन्हा शिवलं. हेडमास्तरांनी खिशातून लाल पेन काढलं, शेवटचं पान उघडलं आणि 'तो होता' याच्या खाली सुबक अक्षरात लिहिलं, 'याचा नातू बाइंडर. हात सफाईदार, पण भरवशाचा नाही.'

बाइंडरने ती ओळ वाचली. पुन्हा एकदा वाचली. मग शाई वाळेपर्यंत पान हलकेच धरून ठेवलं.

"दादा," तो म्हणाला, "बाकीच्या साठ प्रतींतही लिहिशील?"