काकूंच्या फ्रिजमधली बरणी

एका सत्रासाठी परदेशी शिकायला निघालेल्या त्या मुलीने विमानात बसतानाच ठरवलं होतं, की ज्यांच्या घरी राहायचं त्यांच्यावर अशी छाप पाडायची, की निरोप देताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यावं. पाणी आलं, पण तिच्याच डोळ्यांत, आणि तेही आठव्या दिवशी.

आधीचे सात दिवस ती नुसती थक्क होत होती. रस्त्याच्या कडेला ती उभी राहिली की गाड्या आपोआप थांबत. दोनदा तर तिला पलीकडे जायचंच नव्हतं, पण एवढी माणसं खोळंबलीत म्हटल्यावर ती भिडेखातर जाऊन आली. आणि घरचा पाव! घरमालकीण काकूंचे वडील तो रोज सकाळी भाजत. वरून कुरकुरीत, आत मऊ, किंचित आंबूस. पहिल्याच दिवशी तिने एकटीने अर्धा फस्त केला. लोणी लावायचंही भान राहिलं नाही.

आठव्या दिवशी घरी कोणी नव्हतं. स्वतःच्या घरी कधी कप न विसळलेल्या या मुलीने फ्रिज साफ करायला घेतला. अगदी मागे एक काचेची बरणी निघाली. आत फसफसलेला, आंबट वासाचा लगदा. "विसरले असतील बिचारे," म्हणत तिने तो ओतून दिला आणि बरणी अशी घासली की तीत तोंड दिसावं.

संध्याकाळी काकूंनी ती बरणी पाहिली आणि खुर्चीत बसल्या.

"यातलं कुठे गेलं?"

"खराब झालं होतं, काकू. टाकून दिलं."

"पावाचं विरजण होतं ते. माझ्या आईने माहेराहून आणलेलं. चाळीस वर्षं बाबा त्याला रोज पीठ-पाणी घालतात."

चाळीस वर्षं. आपल्या दुप्पट वयाच्या कुणाला तरी आपण नळाखाली धरलं, असं वाटून मुलीला रडूच फुटलं.

काकूंनी दार लोटलं. "गप. सहा वर्षांपूर्वी माझ्याच हातून बरणी पडून फुटली होती. मी गुपचूप नवं विरजण केलं. बाबांना अजून पत्ता नाही. शेजारणीकडे त्यातलं थोडं आहे, घेऊन येते."

दुसऱ्या सकाळी पाव नेहमीसारखाच झाला. काकू कामावर गेल्या. आजोबा बरणी उजेडात धरून म्हणाले, "फारच स्वच्छ दिसतेय."

तिला राहवेना. काकूंची गोष्ट तेवढी गाळून तिने आपला अपराध सांगून टाकला.

आजोबांनी तोंडातला पावाचा घास संपवला. मग दाराकडे बघून हळूच म्हणाले, "माझ्या मुलीला सांगू नकोस. तिची आई गेली तेव्हा महिनाभर माझं कशातच लक्ष नव्हतं. विरजण मेलं. मी बेकरीतून मागून आणलं. आईची आठवण म्हणून पोरगी जिवापाड जपते, तिला कसं सांगू?"

त्यांनी तिला आणखी एक जाड तुकडा कापून दिला. तो खाताना तिला वाटलं, इतकी चांगली माणसं आपण कधी पाहिली नाहीत.

सत्र संपवून ती सात किलो जड होऊन परतली. "एवढं जाऊन शिकलीस काय?" आईने विचारलं.

"गप्प बसायला."

आईचा विश्वास बसला नाही. तासाभरात दोन्ही गुपितं तिने आईला सांगूनही टाकली होती.