सातवीतली शिट्टी

उद्धवराव गुरुजींच्या स्कूटरचा हॉर्न मुका झाला, पण गप्प बसतील ते गुरुजी कसले! शाळेतली पी.टी.ची जुनी पितळी शिट्टी गळ्यात अडकवून ते औरादच्या आठवडी बाजारात शिरले आणि वाट काढायला त्यांनी ती जोरात फुंकली.

झालं! पोलिसाची शिट्टी समजून पुढची टमटम जागेवरच थांबली, तिच्यामागं बस थांबली आणि बसमागं खुद्द फौजदारसाहेबांची जीप अडकली. अर्ध्या तासात स्कूटर ठाण्याच्या आवारात, शिट्टी टेबलावर आणि गुरुजी बाकावर.

गुरुजींचं तोंड एवढंसं झालं. याच स्कूटरवर मागं बसून, खांद्यावर हात ठेवून त्यांच्या पत्नी सुशीलाबाई त्यांच्यासोबत पार उदगीरपर्यंत जायच्या. बाई गेल्यावर मागच्या सीटचं फाटकं कव्हरसुद्धा त्यांनी बदललं नव्हतं.

"अक्का, स्कूटर सरकारजमा तर न्हाई ना करणार?" पंचनामा लिहिणाऱ्या महिला पोलिसाला त्यांनी काकुळतीनं विचारलं. "दुसरं काय बी घ्या."

तिनं मान वर केली. "कामून घाबरायलाव, गुरुजी? वळखलं न्हाई? मी पंचशीला, मारोतीची पोरगी. जप्त म्हणजे वस्तू ठाण्यात, पण मालक तोच. सरकारजमा म्हणजे मालकच बदलला. सातवीत तुमीच शिकवलं की!"

"मी? कवा?"

"माझी शिट्टी घेतली तवा. मी रडायले तर म्हणलाव, 'जप्त केलीय, सरकारजमा न्हाई. शाळा सुटली की घेऊन जा.' शाळा सुटली, गाव बी सुटलं, शिट्टी काय मिळाली न्हाई."

तिनं टेबलावरची शिट्टी उलटी केली. कडेला खिळ्यानं कोरलेला 'पं' होता.

"अप्पांनी बसवकल्याणच्या जत्रेतून आणली व्हती. त्यांना तेवढंच अक्षर लिहिता यायचं. आता अप्पा बी न्हाईत."

गुरुजींनी त्या 'पं'वरून बोट फिरवलं. याच शिट्टीवर त्यांनी वर्षानुवर्षं अख्ख्या शाळेला सावधान-विश्राम करायला लावलं होतं, आणि ते अक्षर एकदाही पाहिलं नव्हतं.

"चुकलं, पोरी," ते कसंबसं म्हणाले.

"असू द्या. मिस्त्रीला इथंच बोलवा, हॉर्न बसवा अन् स्कूटर घेऊन जावा."

"अन् शिट्टी?"

पंचशीलानं ती रुमालानं पुसली आणि सातवीतल्यासारखे गाल फुगवून फुंकली. जन्माची सवय! गुरुजींचा तळहात आपोआप पुढं झाला. "आण इकडं!"

सगळं ठाणं हसलं. पंचशीलाही हसली, पण डोळे पुसत. तिनं मूठ घट्ट आवळली.

"न्हाई गुरुजी. आता ही सरकारजमा."