सर्व लेकरांसाठी योग्य

जनावरं बोलतात असा सिनेमा लहान मुलांना दाखवावा की नाही, हे ठरवणाऱ्या बार्शीच्या समितीत एक जागा बोलणाऱ्या जनावरासाठी राखीव असे, आणि या खेपेला त्या जागेवर चांदीबाई नावाची शेळी होती. अंगाने काळी, कपाळावर पांढरा ठिपका. पदरात तीन करडं असल्यामुळे ती पालक म्हणून पात्र ठरली होती. तिच्याआधी त्या जागेवर एक पोपट होता. पण तो शेजारी बसलेल्या सदस्याचंच मत पुन्हा देतो अशी तक्रार झाल्यावर त्याची मुदत वाढवण्यात आली नाही.

समितीच्या अध्यक्ष शैलजाताई नाझरकर कॉलेजात बालमानसशास्त्र शिकवत. तिसरे सदस्य श्रीरंग बारंगुळे. ते प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते आणि सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणे. सिनेमा पास झाला की ‘सर्व लेकरांसाठी योग्य’ असा दाखला मिळे. त्यातल्या ‘सर्व’मध्ये माणसांची मुलं, वासरं, करडं, पिल्लं सगळीच येत, म्हणून निर्णय एकमतानेच व्हावा असा नियम होता.

त्या रविवारी सकाळी चंद्रिका टॉकीजमध्ये तिघांसाठी खेळ लावला. चांदीबाईला उभं राहता यावं म्हणून पुढच्या रांगेतली एक खुर्ची काढून ठेवली होती. सिनेमा होता ‘पिंपळवाडीची पलटण’. भोलू नावाचं करडू जत्रेत हरवतं. त्याला एक बढाईखोर कोंबडा आणि एक भित्रा कुत्रा भेटतात, आणि तिघं गाणी म्हणत गावोगाव फिरतात. 

चांदीबाईला सिनेमा फार आवडला. कोंबडा पाण्याच्या टाकीत पडला तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. गुरुजींनाही हसू येत होतं. मग पडद्यावर एक आडवातिडवा माणूस आला. त्याच्या कमरेला फडकं होतं आणि हातात सुरा. भोलू त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “काका, माझी आई कुठंय?” त्या माणसाने सुरा खाली टाकला, डोळे पुसले आणि भोलूला उचलून छातीशी धरलं.

गुरुजींनी डावीकडे पाहायचं टाळलं. तरी त्यांना दिसलंच. चांदीबाई पडद्याकडे टक लावून, शांतपणे रवंथ करत होती. गुरुजींचे कान गरम झाले. आपण काहीही केलेलं नाही, नुसते सिनेमा बघत बसलो आहोत, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. कानांवर त्याचा परिणाम झाला नाही. शेवटी माणसं आणि जनावरं एकाच पंगतीला बसली. पानात काय वाढलं होतं ते दाखवलं नव्हतं.

चर्चा टॉकीजच्या ऑफिसात झाली.

“भीती बेताची, भाषा स्वच्छ, मारामारी नाही,” शैलजाताई म्हणाल्या. “माझ्याकडून हो. चांदीबाई?”

“माज्याकडनंबी हो. लई झ्याक पिच्चर हाय.”

“गुरुजी?”

“मला जरा शंका आहे,” गुरुजी म्हणाले.

“कशाबद्दल?”

गुरुजींनी चष्मा काढला आणि पुसला. शंका काय होती ते त्यांना नीट ठाऊक होतं. माणसांच्या मुलांचा प्रश्नच नव्हता. पण हा सिनेमा पाहून एखादं करडू उद्या असंच कुणासमोर जाऊन उभं राहील. हे बोलायचं कसं, आणि तेही तिच्यासमोर?

“गाण्यांचा आवाज मोठा आहे,” ते म्हणाले.

“त्येचं काई न्हाई,” चांदीबाई म्हणाली. “आमची पोरं टेम्पोत बसत्यात. त्येंना आवाजाची सवं हाय.”

“आणि तो कोंबडा खोटं बोलतो. मुलं अनुकरण करतात.”

“गुरुजी, कोंबड्याला शिक्षा होते की शेवटी,” शैलजाताई म्हणाल्या. “ठोस कारण असेल तर सांगा. नुसती शंका मला नोंदवता येणार नाही.”

गुरुजींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. चांदीबाई त्यांच्याकडे पाहत होती. आडव्या बाहुल्यांचे ते पिवळे डोळे कुठे पाहताहेत हे एरवी कळत नाही, पण या वेळी कळत होतं.

तेवढ्यात जेवण आलं, म्हणून बैठक थांबली. टॉकीजच्या मॅनेजरने आदल्या दिवशी सगळ्यांना फोन करून विचारलं होतं. शैलजाताईंनी पिठलं-भाकरी सांगितली होती. चांदीबाईसाठी शेवरीच्या पाल्याची पेंढी आली होती. गुरुजींनी फोनवर, फारसा विचार न करता, रविवार आहे म्हणून मटण सांगितलं होतं. मॅनेजरने डबा त्यांच्यासमोर ठेवून झाकण उघडलं.

वास खोलीभर पसरला.

“मी बाहेर बसतो,” गुरुजी म्हणाले.

“बसा की हितंच,” चांदीबाई म्हणाली. “गार हुईल.”

गुरुजी डबा घेऊन गच्चीच्या जिन्यावर गेले. झाकण लावून परत द्यावा असं त्यांच्या मनात आलं. पण ते सकाळी नुसता चहा घेऊन निघाले होते. एक घास खाऊन बघू, असं ठरवून त्यांनी भाकरी मोडली. नंतर त्यांनी रस्सा संपवला, फोडी संपवल्या, हाडंही चोखली. मटण फार चांगलं झालं होतं. सगळ्यांत जास्त त्यांच्या मनाला हेच लागलं. ते वाईट झालं असतं तर निदान तेवढी तरी सोय झाली असती. हात तीनदा धुतले तरी बोटांचा वास जाईना. शेवटी त्यांनी हात पाठीमागे बांधून घेतले.

वळून पाहतात तो खालच्या पायरीवर चांदीबाई उभी.

“आता सांगा,” ती म्हणाली. “आत बाई व्हत्या म्हनून बोलला न्हाई तुमी.”

गुरुजी भिंतीकडे बघत बोलले. “चांदीबाई, तो सिनेमा खोटं सांगतो.”

“कंचं खोटं?”

“तो सुरेवाला माणूस. तो... तसा नसतो.”

“ठावं हाय मला.”

“मग हो का म्हणालात?”

चांदीबाईने पायरीवर पडलेलं एक पान हुंगलं आणि सोडून दिलं. “मागल्या खेपेला मला दोन बोकडं झाली. त्येंना म्या समदं खरं सांगितलं. म्हनलं, आई हाय, आपन न्हाई सांगायचं तर कुनी? तर ती कदी उडीच मारंनात. पोरं असून हुड न्हाईत. कुनी दारात आलं की माज्या पोटाखाली घुसायची. तशीच मोठी झाली. एक दिस गेली.”

“कुठे?” असं गुरुजींच्या तोंडून निघून गेलं, आणि निघता निघताच त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चांदीबाईने एकदा कान झटकले.

“खरं सांगून त्येंचं काय वाचलं?” ती म्हणाली. “जे व्हायचं ते झालंच. उड्या तेवढ्या मारायच्या ऱ्हायल्या. आवंदा दोन बोकडं न् एक पाट हाय, पोरगी. पाट ऱ्हाईल दुधासाठी. बोकडांना म्या काईबी सांगितलं न्हाई. दिसभर धिंगाना घालत्यात. त्येंनी ह्यो पिच्चर बघावा. हसावं. तुमच्या पोरांना जसं दावता तसं.”

“पण त्यांचा विश्वास बसेल.”

“बसू द्या.”

गुरुजींना वाटलं, निदान माफी तरी मागावी. पण कशाची मागायची? डब्याची मागितली तर बाकीचं सगळं राहून जातं, आणि सगळ्याची मागायची तर पुढच्या रविवारपासून काय करायचं, हे आधी ठरवावं लागलं असतं. ते त्यांना आत्ता, तिच्यासमोर, ठरवता येईना. हे तिला कळलं असावं, कारण ती आपणहून वळली आणि म्हणाली, “चला, बाई खोळंबल्या असतील.”

बैठक पुन्हा सुरू झाली. “माझी शंका मी मागे घेतो,” गुरुजी म्हणाले आणि त्यांनी सही केली. चांदीबाईने शाईच्या पॅडवर खूर टेकवून कागदावर उठवला. शैलजाताईंनी दोघांचे आभार मानले.

सिनेमा लागला त्या दिवशी टॉकीज भरलं होतं. समितीच्या सदस्याने पहिल्या खेळाला हजर राहायचं असतं, म्हणून गुरुजी आले होते. घरी त्यांनी सकाळी फक्त पोहे खाल्ले होते आणि तेवढ्यावरून आपल्याला बरं वाटतंय याचीही त्यांना लाज वाटत होती. एका बाजूला शाळेची मुलं, दुसऱ्या बाजूला वासरं, आणि मधल्या रांगेत चांदीबाई तिच्या पोरांना घेऊन उभी होती.

“गुरुजी, ह्येला घ्या जरा,” ती म्हणाली. “तिघं मला आवरंनात.”

तिने दोन बोकडांतल्या एकाला, कबऱ्याला, पुढे ढकललं. त्याने एका उडीत गुरुजींच्या शेजारची खुर्ची गाठली, तिथून त्यांच्या मांडीवर आला आणि चारी पाय गोळा करून बसला. अंग गरम होतं, अपेक्षेपेक्षा जड होतं. गुरुजींनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले आणि तिथून हलवले नाहीत.

कोंबडा टाकीत पडला तेव्हा कबऱ्या मोठ्याने हसला. सगळं टॉकीज हसलं. मग तो सुरेवाला माणूस आला, आणि पोरं गप्प झाली. कबऱ्याचं काळीज गुरुजींच्या मांडीवर धडधडू लागलं.

“काका,” तो हळूच म्हणाला, “तुमी ह्यो पिच्चर आदी बघितलाय न्हवं?”

“हो.”

“मग शेवटाला काय हुतं?”

गुरुजींनी रांगेत पलीकडे पाहिलं. चांदीबाई पडद्याकडे बघत होती. तिचा एक कान मात्र त्यांच्याकडे वळलेला होता.

“सगळे घरी जातात,” गुरुजी म्हणाले.

“समदे?”

“सगळे.”

“मग झालं,” कबऱ्या म्हणाला, आणि सिनेमा अर्धा बाकी असतानाच गुरुजींच्या दांड्यावरच्या हातावर हनुवटी टेकवून झोपी गेला.