कोंडाजी अस्वलाने बोर्ड निवडला

जंगलं पुष्कळ असतात, मुलांनो. पण ही गोष्ट ज्या जंगलात घडली तिथे एक मोठी सोय होती. कुणालाही काहीही विचारा, उत्तर मिळायचं. माहिती असो वा नसो.

त्या जंगलात कोंडाजी अस्वल राहायचा. अंगाने आडवा, स्वभावाने गरीब. कुठलंही काम नीट विचार करून करायचा. घरात तो आणि त्याचे वडील, दोघंच. वडिलांना सगळं जंगल आबा म्हणे.

आबांचे सगळे दात पडले होते. बोरं चावत नव्हती. उंबरं पचत नव्हती. वाळवी खावी तर ती तोंडात जाऊन थोडी हिंडायची आणि आली तशी बाहेर पडायची. उरला फक्त मध.

मध काळ्या कड्यावर होता. तिथे उंच, वाऱ्यात, भलंमोठं आग्यामोहोळ लोंबत होतं. गेल्या वर्षी कोंडाजी तिथवर चढला होता. नाकावर एकोणीस डंख खाऊन वर पोचला, तेव्हा कळलं की मोहोळ कोरडं आहे. पुढे महिनाभर त्याचं नाक भोपळ्यासारखं सुजलेलं होतं. लोक बोलताना त्याच्याशी न बोलता नाकाशीच बोलायचे.

म्हणून यंदा कोंडाजीने ठरवलं, आधी बघायचं, मग चढायचं. त्यासाठी एक ड्रोन बनवायचा. छोटासा, तळहाताएवढा. चार चिमुकल्या मोटरी आणि पुढे कॅमेरा. ड्रोन वर जाईल, मोहोळ बघेल, खाली पडद्यावर चित्र दाखवेल. मध दिसला तरच नाक धोक्यात घालायचं.

विचार अगदी शहाणपणाचा होता. असल्या गोष्टी शहाणपणाच्या विचारानेच सुरू होतात, मुलांनो.

"आबा, चार दिवस कळ काढा," कोंडाजी म्हणाला.

"काढतो," आबा म्हणाले.

तेव्हा माघ महिना होता.

मोटरी मिळाल्या, पंखे मिळाले, सांगाडा मिळाला. राहिला बोर्ड. बोर्ड म्हणजे ड्रोनचा मेंदू. पूर्वी ड्रोनात मेंदू वेगळा असायचा, मोटरींना वीज वाटणारा वेगळा आणि रिमोटचं ऐकणारा कान वेगळा. आता हे सगळे एकाच नखाएवढ्या पाटीवर राहतात. त्याला ऑल-इन-वन म्हणतात. छोट्या ड्रोनात जागा नसते, म्हणून हाच लागतो.

कोंडाजी हुप्पाशेठच्या दुकानात गेला. हुप्पाशेठ म्हणजे वानर. त्याने तीन बोर्ड पानावर मांडले.

"हा पाच अँपियरची वीज झेलणारा. हलका. हा बाराचा. दणकट, पण अर्धा ग्रॅम जड. आणि हा तिसरा. यात सगळं आहे. मेंदू, वीज, कान, डोळा. शिवाय शिट्टी वाजवतो, दिशा दाखवतो आणि पाऊस येणार असेल तर सांगतो."

"खरं सांगतो?"

"सांगतो," हुप्पाशेठ म्हणाला.

कोंडाजीने तिन्ही बोर्ड हातात घेतले. त्याच्या पंजात ते दिसेनासे झाले. ते शोधण्यात दुपार गेली.

"शेठ, घाई नको. जरा चौकशी करतो."

संध्याकाळी जांभळीखाली जाणती मंडळी बसायची. कोंडाजीने तिथे विषय काढला. विषय काढायला नको होता, पण त्याला कुठे माहीत?

रानडुक्कर म्हणालं, "ऑल-इन-वन घेऊच नकोस. एक कोपरा जळला की सगळा बोर्ड गेला. वेगवेगळे घे."

"वेगवेगळे घेतले तर ड्रोन उचलेल का?" सायाळीने विचारलं. तिला सगळे साळूमावशी म्हणत. जंगलातलं डाग द्यायचं काम तीच करायची. एक काटा निखाऱ्यात तापवायची आणि तारा जोडायची.

"नाही उचललं तर नाही. पण जळणार तर नाही!" डुक्कर म्हणालं.

कासवाने मान बाहेर काढली. सगळे गप्प झाले. या विषयात कासवाचा अधिकार मोठा होता. ते सात वर्षं बोर्ड निवडत होतं.

"बाळ कोंडाजी," कासव म्हणालं, "पुढच्या वर्षी नवा बोर्ड येतोय. थांब."

झालं. जंगलात दोन तट पडले. एकबोर्डी आणि सुटेबोर्डी. एकबोर्डी सशाने सुटेबोर्डी सासऱ्याच्या घरचं पाणी सोडलं. हरणांच्या कळपात मधून वाट पडली. ज्यांना ड्रोन म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, ते सर्वांत जोरात भांडत होते.

कोंडाजी दोन्ही बाजू ऐकून घ्यायचा. तो रोज तिथे जायचा आणि रोज थोडा जास्त गोंधळून परत यायचा. पण मुलांनो, खरं सांगायचं तर त्याला त्यात गोडी लागली होती. गेल्या वर्षी याच मंडळींनी त्याच्या नाकाला हसून घेतलं होतं. आता तो आला की सरकून जागा करून द्यायचे.

माघ संपला. फाल्गुन लागला. अर्ध्या ग्रॅमचा प्रश्न काही सुटेना. त्या अर्ध्या ग्रॅमने कोंडाजीची झोप उडाली. वजन कुठेतरी कमी करायलाच हवं होतं. त्याने सांगाड्याला भोकं पाडली. तारा आखूड केल्या. स्क्रूची डोकी घासली. शेवटी स्वतः एकवेळ जेवायला लागला.

आबा हे बघत होते. त्यांचं कातडं आता घोंगडीसारखं लोंबायला लागलं होतं.

"कोंड्या," ते म्हणाले, "उडणार कोण आहे? तू की ते?"

"आबा, तुम्हाला यातलं कळायचं नाही."

"बरं," आबा म्हणाले. आणि त्यांनी एक वाळवी तोंडात टाकली. थोड्या वेळाने ती बाहेर आली आणि निघून गेली.

चैत्रात एक दिवस कोंडाजी दारात बसून ग्रॅमची बेरीज करत होता. तेवढ्यात कानाशी गुणगुण झाली. आग्यामोहोळाची पहारेकरी माशी समोरच्या दगडावर बसली होती. कोंडाजीने झटकन नाक झाकलं.

"नाक राहू द्या, दादा," माशी म्हणाली. "मी कामासाठी आलेय. बोर्ड ठरला का?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सगळं जंगल बोलतंय. हे बघा, पाचाचा घेऊ नका. आमच्याकडे वर वारा फार. झोत आला की मोटरी जोर मारणार आणि बोर्ड जळणार. बाराचाच घ्या. अर्धा ग्रॅम आम्ही चालवून घेऊ."

कोंडाजीला गहिवरून आलं. दोन महिन्यांत कुणी त्याला इतकं सरळ उत्तर दिलं नव्हतं.

"पण ताई, मी तुमचाच मध बघायला येणार. मला मदत का करताय?"

"आमच्याकडे येतं कोण हो? अस्वलं येतात, ओरडतात, पडतात. काहीतरी नीट बनवून येणारं हे पहिलंच. आमच्यात फार उत्सुकता आहे." माशी उडता उडता थांबली. "एवढंच, की लवकर करा. वैशाख लागला की आम्ही मोहोळ सोडून डोंगरापलीकडे जातो. मग बघायला काही उरणार नाही."

कोंडाजी धावत दुकानात गेला. बाराचा बोर्ड घेतला. साळूमावशीने काटा तापवला आणि चारही मोटरींच्या तारा जोडून दिल्या.

"बाण कुठे आहे बघितलास का?" तिने विचारलं. बोर्डावर एक बारीक बाण असतो. त्याचं टोक पुढे ठेवायचं असतं. नाहीतर बोर्डाला पुढचं मागे वाटतं आणि मागचं पुढे.

"मावशी, दोन महिने अभ्यास केलाय मी," कोंडाजी म्हणाला.

बाण उलटा होता.

ड्रोन वीतभर उडाला. त्याला वाटलं आपण मागे कलतोय, म्हणून सावरायला गेला आणि पुढे कोलमडला. कोलमडतोय म्हणून आणखी सावरला. अशी त्याने हवेत तीन कोलांट्या घेतल्या आणि साळूमावशीच्या पाठीत घुसला. काट्यांत पंखे अडकले. तरीही मोटरी जोर करत राहिल्या. चर्र आवाज आला, निळा धूर निघाला आणि एक कोपरा जळला.

एक कोपरा म्हणजे सगळा बोर्ड.

जांभळीखाली सुटेबोर्ड्यांनी त्या संध्याकाळी फुलं उधळली. रानडुक्कर स्वतः येऊन कोंडाजीला भेटलं आणि फार वाईट झालं असं हसत हसत म्हणालं.

कोंडाजी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

"मिळाला का मध?" आबांनी विचारलं.

"बोर्ड जळला, आबा."

"तो खायचा असतो का?"

कोंडाजीने पहिल्यांदाच आबांकडे नीट बघितलं. आबा अर्धे झाले होते. कातड्याच्या आत कुठेतरी आबा होते. तो म्हणाला, "आबा, उद्या नक्की." आणि हे त्याने मनापासून म्हटलं होतं, मुलांनो.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला. हुप्पाशेठने पानावर पाच बोर्ड मांडले. नवीन माल आला होता.

कोंडाजीला त्यातला एक निवडायला एकवीस दिवस लागले.

शेवटी वैशाख लागायला एक दिवस उरला. सकाळी काळ्या कड्याखाली सगळं जंगल जमलं. एकबोर्डी उजवीकडे, सुटेबोर्डी डावीकडे. कासव आदल्या आठवड्यातच निघालं होतं, ते वेळेवर पोचलं. साळूमावशी सर्वांपासून लांब, एका दगडामागे उभी राहिली. बाण पुढेच आहे याची सहा जणांनी खात्री केली. सहा जणांत सातवं मत निघालं, पण ते मागे घेण्यात आलं.

कोंडाजीने रिमोट हातात घेतला. त्याने ड्रोन सोडला.

ड्रोन उडाला. सरळ उडाला. कड्याला धरून वर वर गेला. मध्येच वाऱ्याचा झोत आला. मोटरी किंचाळल्या, ड्रोन डुलला, पण सावरला. बोर्डाने हाय खाल्ली नाही.

"गरम होत नाही!" कोंडाजी ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "बारा अँपियर! गरम होत नाही!"

एकबोर्ड्यांनी जयजयकार केला. पडद्यावर चित्र स्वच्छ येत होतं. प्रथम दगड दिसला. मग निवडुंग. मग कड्याच्या वळणाआड मोहोळाची कड. मोहोळ मधाने ओथंबलेलं होतं. इतकं, की खालच्या कडेने धार लागली होती.

आणि त्या धारेखाली काहीतरी काळं, केसाळ होतं.

"कॅमेऱ्यावर डाग आहे," हुप्पाशेठ म्हणाला.

डागाने मान वळवली. ते आबा होते.

आबा कड्याच्या खोबणीत मांडी घालून बसले होते. दोन्ही पंजे कोपरापर्यंत मधात होते. तोंडावरून मध ओघळत होता. त्यांनी ड्रोनकडे त्रासिक चेहऱ्याने बघितलं. कानाशी काहीतरी मोठी माशी गुणगुणतेय असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी एक चापट मारली.

पडदा काळा झाला.

थोड्या वेळाने ड्रोन आला. चार तुकड्यांत आला.

दुपारी आबा उतरले. हळूहळू, एकेका दगडावर बूड टेकत. अंगावर एकही डंख नव्हता. माश्या सगळ्या कड्याच्या पुढच्या बाजूला ड्रोन बघायला जमल्या होत्या. मोहोळावर पहारेकरीसुद्धा नव्हती. तिनेच तर सर्वांना बोलावलं होतं.

"आबा," कोंडाजी म्हणाला, "तुम्ही चढलात?"

"सगळे खाली जमले होते. म्हटलं, वर गर्दी नसेल."

"मला सांगायचं तरी!"

"तू कामात होतास." आबांनी काखेतून एक पोळं काढलं. चांगलं मोठं, भरलेलं. त्यांनी ते कोंडाजीच्या पुढे धरलं. "एकवेळ जेवून वाळलायस. खा."

कोंडाजीने पोळं घेतलं. त्याला खूप काही म्हणायचं होतं. चूक झाली म्हणायचं होतं. तुमचे हाल केले म्हणायचं होतं. सगळं जंगल कान देऊन उभं होतं.

"आबा," तो म्हणाला, "तुम्ही अगदी जवळून ऐकलंत. मोटरींचा आवाज गुणगुण होता की खरखर?"

आबांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

"गुणगुण," ते म्हणाले.

"म्हणजे बोर्ड चांगला होता!" कोंडाजी मंडळींकडे वळून म्हणाला. आणि मंडळींनी त्याला खांद्यावर घेतलं. अस्वल जड असतं, त्यामुळे ते थोडाच वेळ घेता आलं.

दुसऱ्या दिवशी माश्या डोंगरापलीकडे निघून गेल्या. हुप्पाशेठच्या दुकानावर मोठी पाटी लागली. पाटीवर मधाने माखलेल्या आबांचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'हा मध आमच्या बोर्डाने शोधला.' आठवडाभरात सगळे बोर्ड खपले. कासवाने तेवढा घेतला नाही. कोंडाजी आता जांभळीखाली मधोमध बसतो आणि नवशिक्यांना मार्गदर्शन करतो. आबा अधूनमधून कुठेतरी जातात आणि तोंड पुसत परत येतात. कुठे जातात हे त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही.

तात्पर्य विचाराल, मुलांनो, तर ते असं. कुठलीही वस्तू घेताना मुळीच घाई करू नये. दहा जणांना विचारावं, वजन बघावं, अँपियर बघावेत, नवीन माल यायची वाट बघावी. आपण जितका जास्त वेळ घेऊ, तितकी घरातली म्हातारी माणसं कड्यावर चढण्यात तरबेज होतात.